क्वालफ्योर्दुरच्या कुंपणाशी

आइसलँडमधल्या रेक्याविकच्या जुन्या बंदरात पोचले तेव्हा धक्क्यावरच्या सगळ्यांच्या माना वर होत्या. दोन काळी जहाजं शेजारीशेजारी बांधलेली, क्वालुर 8 आणि क्वालुर 9. तिथल्या भाषेत क्वालुर म्हणजे देवमासा. त्याला मारायला जाणाऱ्या बोटींनाही त्याचंच नाव. त्यांच्या डोलकाठ्यांवर टेहळणीची पिंपं असतात. देवमाशाच्या श्वासाचा फवारा कुठे दिसतोय ते तिथून हेरायचं. 4 सप्टेंबर 2023 च्या पहाटे, अंधारात, दोन स्त्रिया त्या पिंपांत चढून बसल्या होत्या. बोटी निघू नयेत, एवढंच त्यांचं मागणं. त्याच बंदरात, थोड्याच अंतरावर, पर्यटकांना देवमासे दाखवायला नेणाऱ्या बोटींची तिकीटघरं होती आणि तिथेही रांग होती.

मी रत्नागिरीची. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघत वाढले, ताटातली सुरमई आजही आवडीने खाते. त्यामुळे देवमाशांच्या शिकारीचा वाद मी बरीच वर्षं लांबूनच ऐकत होते. आंतरराष्ट्रीय देवमासेमारी आयोगाची व्यापारी शिकारीवरची बंदी 1986 पासून लागू आहे. आइसलँड 1992 मध्ये आयोगातून बाहेर पडला, 2002 मध्ये आक्षेप नोंदवून परत आला आणि 2006 मध्ये त्याने व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. हे सगळं ठाऊक होतं, पण मला तिथवर ओढून नेलं ते एका सरकारी अहवालाने.

2022 च्या हंगामात तिथे 148 फिन देवमासे मारले गेले. फिन म्हणजे निळ्या देवमाशाखालोखाल जगातला सर्वांत मोठा प्राणी. देखरेखीखाली झालेल्या 58 शिकारींची पाहणी तिथल्या अन्न व पशुवैद्यक खात्याने केली, तेव्हा सुमारे चाळीस टक्के जनावरं लगेच मेली नव्हती. अशांपैकी निम्म्यांना साडेअकरा मिनिटांहून जास्त वेळ लागला होता. एकाला दोन तास. हार्पूनच्या टोकाशी स्फोटक असतं. ते नेमकं छातीत फुटलं तर जनावर सुटतं. पण बोट हलत असते, लाट हलत असते, देवमासाही हलत असतो. अहवालानंतर मंत्री स्वांदिस स्वावार्सदोत्तिर यांनी 2023 च्या 20 जूनला शिकार थांबवली. ती स्थगिती 31 ऑगस्टला संपली होती आणि कडक अटी घालून बोटींना परवानगी मिळाली होती.

पिंपातल्या दोघी दुसऱ्या दिवशी खाली उतरल्या. बोटी निघाल्या.

मारलेले देवमासे जिथे आणले जायचे त्या क्वालफ्योर्दुर फ्योर्डला मी गाडी भाड्याने घेऊन गेले. 1998 मध्ये फ्योर्डखालून बोगदा झाल्यापासून सगळी वाहतूक तिकडूनच जाते. जुना रस्ता पाण्याला धरून वळसे घेत जातो. त्यावर मला मेंढ्या जास्त भेटल्या, माणसं कमी. मधेच दुसऱ्या महायुद्धातल्या नौदल तळाच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकी दिसतात आणि त्यांच्यापाशी 1948 पासूनचं देवमासे कापायचं ठाणं. जवळच किनाऱ्यावर दोन गंजके सांगाडे उभे आहेत, क्वालुर 6 आणि क्वालुर 7. 1986 च्या नोव्हेंबरात शिकारविरोधी कार्यकर्त्यांनी रेक्याविक बंदरात बुडवलेल्या या बोटी पुढे वर काढल्या गेल्या, पण पुन्हा शिकारीला गेल्या नाहीत.

रस्त्याकडेच्या चढावरून, कुंपणाबाहेरून, खालचं सगळं दिसतं. दहाबाराजण उभे होते. उतारावरून देवमासा विंचने वर ओढला जात होता, शेपटीकडून, फार सावकाश. फिन देवमाशाचा उजवा जबडा पांढरा असतो आणि डावा काळसर. वाचलं होतं, पण तो पांढरा जबडा ओल्या फरशीवर आडवा पाहिला आणि मला पुढचं वाचलेलं काही आठवेना. लांब दांड्याच्या वाकड्या सुऱ्या घेतलेली माणसं अंगावर चढली. चरबीची पट्टी सालीसारखी निघत गेली. वाफ. आणि वास असा की दोन दिवस तो माझ्या लोकरीच्या टोपीत राहिला.

शेजारी दुर्बीण घेतलेले सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. विद्यार्थी असताना तीन उन्हाळे त्यांनी इथे काम केलं होतं. शिक्षणाचा खर्च त्यातून निघाला. "तुम्ही मासे खाता ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग ते शांतपणे बोलत राहिले. इथल्या पाण्यात फिन भरपूर आहेत, कोटा शास्त्रज्ञांच्या सल्ल्यानेच ठरतो, मग बाहेरच्यांनी आम्हाला का शिकवावं? त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, 'क्वालरेकी'. अर्थ, किनाऱ्याला लागलेला देवमासा. उपासमारीच्या हिवाळ्यात असा एक मासा गाव जगवायचा, म्हणून आज अनपेक्षित लाभालाही तोच शब्द वापरतात.

त्यांच्या आकड्यात खोट नव्हती आणि त्या शब्दामागची भूक मला कळत होती. पण खाली कापला जाणारा देवमासा कुठलंही गाव जगवणार नव्हता. त्याचं मांस मुख्यतः जपानला जातं. मी विचारलं, "मरायला त्यांना किती वेळ लागायचा?"

"आमच्यापर्यंत ते मेलेलेच यायचे," ते म्हणाले. "वेळेचं तेव्हा कुणी विचारत नसे."

भरपूर आहेत म्हणून मारावं, हा हिशेब मला मासळीच्या बाबतीत पटतो. पण ज्या जनावराला चटकन मारण्याची खात्री मारणाऱ्यालाच देता येत नाही, त्याची शिकार धंद्यासाठी होऊ नये, असं मला त्या कुंपणाशी पक्कं वाटलं आणि अजून वाटतं.

दोन दिवसांनी उत्तरेला हुसाविकला गेले. 1995 पासून हे गाव देवमासे दाखवून कमावतं. जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत तिथे देवमाशांचं संग्रहालय आहे. बोटीवरून हंपबॅक देवमाशाची शेपटी तीनदा दिसली आणि मला आपला समुद्र आठवला. अरबी समुद्रातले हंपबॅक स्थलांतर करत नाहीत, बाराही महिने तिथेच राहतात. 1966 मध्ये सोव्हिएत बोटींनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ त्यातले 242 बेकायदा मारले. ओमानजवळ आता शंभराच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. साठ वर्षांत ती पोकळी भरलेली नाही.

2023 च्या त्या हंगामात आइसलँडमध्ये 24 फिन मारले गेले. एक मरायला अर्धा तास लागला म्हणून क्वालुर 8 काही दिवस थांबवलीही. पुढे वर्षाला 209 फिनचा पाच वर्षांचा परवाना निघाला. 2024 आणि 2025 मध्ये बोटी शिकारीला गेल्या नाहीत. 2025 मध्ये कारण दिलं गेलं ते जपानमधल्या पडलेल्या भावाचं. देवमासे वाचले याचा आनंद झाला, पण भाव पुन्हा चढू शकतो आणि परवाना हातात आहे.

त्याच 2023 च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं वीसेक फुटी पिल्लू लागलं. मीही गेले. माणसं बादल्यांनी पाणी ओतत होती, त्याच्या अंगावर ओली फडकी घालत होती. जवळपास चाळीस तासांनी ते पाण्यात ढकललं गेलं. पण ते वाचलं नाही.

मी फोटो क्वालफ्योर्दुरच्या त्या गृहस्थांना पाठवला आणि खाली लिहिलं, आमच्याकडचं क्वालरेकी. उत्तरात एकच ओळ आली:

"किती वेळ तगलं?"