चावी ठेवताना



आजचा विषय आहे गाडीची चावी. चौका, उपवास आणि वाळवणं यांच्यावर लिहिणाऱ्या बाईने चावीवर काय लिहायचं, असं तुम्हाला वाटेल. पण दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रामटेकला जे झालं, ते मी घराबाहेर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. चूक माझी होती, म्हणून सांगवत नव्हतं. आता उन्हाळा परत आला आहे, सुट्टीत नातवंडं घरोघरी येतील, तेव्हा सांगून टाकते.

शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला आम्ही भंडाऱ्याहून सकाळी लवकर निघालो होतो. हे, मी, सून आणि नातू. तेव्हा तो पावणेदोन वर्षांचा होता. दर्शन, पूजा सगळं छान झालं. अकराच्या सुमारास परत निघायचं ठरलं. हे दानाची पावती घ्यायला थांबले, सून पाण्याच्या बाटल्या भरायला गेली आणि मी नातवाला घेऊन गाडीकडे आले. गाडी उन्हात उभी. मी बटण दाबून दार उघडलं, त्याला मागच्या सीटवर बसवलं. तो उन्हाने किरकिर करत होता, म्हणून हातातली चावीच त्याला खेळायला दिली. आपण सगळ्याच देतो. रिमोटचं बटण दाबलं की लाइट लागतो, टुकटुक वाजतं, पोर खूश. पिशव्या डिकीत ठेवून मी डिकी लावली, वाऱ्याने धूळ आत यायला लागली म्हणून मागचं दारही ओढून घेतलं. पुढे जाऊन काच खाली करावी म्हणून पुढच्या दाराला हात घातला आणि टुक असा आवाज आला. चारही दारं बंद.

आत नातू, त्याच्या हातात चावी. माझा फोन आतल्या पर्समध्ये.

पहिलं मिनिट तो हसत होता. आजी काचेवर टकटक करते आहे, हातवारे करते आहे, त्याला तो खेळ वाटला. दुसरं बटण दाब, हे दाब, असं मी खुणावत होते. पावणेदोन वर्षांच्या मुलाला दुसरं म्हणजे काय ते काय कळणार? मग चावी त्याच्या हातातून खाली पडली, आणि माझा चेहरा पाहून तो रडायला लागला. केस कपाळाला चिकटले, चेहरा लाल झाला. मी हाका मारल्या तसे हे आणि सून धावत आले. ह्यांनी लगेच मुलाला फोन लावला, की घरची दुसरी चावी घेऊन ये. मुलगा म्हणाला, कपाटाला कुलूप आहे. कपाटाची चावी कुठे होती माहीत आहे? गाडीच्या चावीच्याच जुडग्यात. आपल्याच भंडाऱ्याच्या पितळेचं ते कडं, मी हौसेने घेतलं होतं, की सगळ्या चाव्या एकत्र राहतील.

कपाट उघडं असतं तरी भंडाऱ्याहून रामटेकला यायला तासाभराहून अधिक लागलाच असता. मेकॅनिकला बोलवू, असं कुणीतरी म्हणालं. खरं सांगते, काच फोडायची असं माझ्या मनात लगेच आलं नाही. गाडी नवी होती, ह्यांनी जपून वापरलेली. आपण वाट पाहत होतो ती पैशांच्या विचाराने होती की गोंधळाने, हे मी नंतर स्वतःला अनेकदा विचारलं. शेजारच्या ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर हातात चाकाचा पाना घेऊन आला आणि म्हणाला, "आई, फोडू काय?" ह्यांच्या आधी मी म्हटलं, फोड बाबा.

त्याने नातू होता त्याच्या विरुद्ध बाजूची पुढची काच निवडली. मधोमध न मारता खालच्या कोपऱ्याजवळ मारलं. दुसऱ्या फटक्यात काचेचा साखरेच्या खड्यांसारखा चुरा झाला. आत हात घालून दार उघडलं. नातवाला बाहेर काढलं तेव्हा त्याचं अंग तापलेलं आणि झबलं पिळून निघेल इतकं ओलं होतं. सावलीत नेऊन ओल्या पंचाने पुसलं, घोट घोट पाणी पाजलं, डॉक्टरांना दाखवलं. देवाच्या दयेने, म्हणजे त्याच्या पुण्याने आणि त्या ड्रायव्हरच्या हुशारीने, सगळं ठीक होतं. ह्यांच्या फोनमधल्या वेळा जुळवल्या तर सगळा प्रकार अकरा मिनिटांचा.

अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? बंद गाडी उन्हात उभी असली तर पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी वाढू शकतं. बाहेर आपल्याकडचे ४३-४४ अंश धरा आणि हिशेब तुम्हीच करा. त्यात लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट लवकर तापतं. काच बोटभर खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही.

आणि दार लागून जातं तेव्हाच धोका असतो असं नाही. दार उघडं राहतं तेव्हाही असतो. आपल्या नागपूरची गोष्ट आठवत असेल. १७ जून २०२३, शनिवार. पाचपावली भागातली तीन लहान मुलं खेळता खेळता दिसेनाशी झाली. सगळीकडे शोधाशोध झाली आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृत सापडली. खेळायला आत शिरली आणि बाहेर पडता आलं नाही, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. त्या आयांचं काय झालं असेल, हा विचार त्या वेळीही मनात आला होता. तरी वर्षभराने मीच नातवाच्या हातात चावी दिली. बातमी वाचणं आणि अंगाला लागणं यात फरक आहे.

म्हणून अंगणात, फाटकाच्या आत, शेडमध्ये कुठेही गाडी असो, ती कुलूपबंद हवी. घरचीच आहे, कोण नेणार, असं म्हणून उघडी ठेवू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मी आता एक गोष्ट मुद्दाम शिकवते. गाडीत अडकलात तर मागे बसून रडू नका, पुढच्या सीटवर जा आणि हॉर्न दाबत राहा. बहुतेक गाड्यांत चावी नसली तरी हॉर्न वाजतो. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर ती आतून उघडतच नाहीत, पण पुढचं दार उघडता येतं. आमच्या अंगणात नातवंडांकडून याचा सराव करून घेतला. शेजारी वैतागले, पण असू दे.

घरी आल्यावर मुलाकडून रिमोटचा प्रकार नीट समजून घेतला. मी बी.कॉम. आहे, यंत्रातलं मला कळत नाही, पण समजावून सांगितलं तर हिशेब कळतो. चावीत एक छोटं रेडिओ यंत्र असतं. प्रत्येक वेळी बटण दाबलं की ते वेगळा आकडा पाठवतं आणि गाडी तो पडताळते. म्हणून कुणी एकदाचा आकडा पकडून ठेवला तरी तो दुसऱ्यांदा चालत नाही. पण चोर दुसरं काही करतात. पार्किंगमध्ये तुमच्या रिमोटचा संदेश गाडीपर्यंत पोचूच देत नाहीत. तुम्ही बटण दाबून पाठ फिरवता आणि गाडी उघडीच राहते. यावर उपाय अगदी साधा आहे. बटण दाबल्यावर लाइट लागला का बघायचं आणि दाराची कडी एकदा ओढून पाहायची. यात्रेच्या ठिकाणी तर नक्कीच.

नव्या गाड्यांत चावी खिशात असली तरी दार उघडतं आणि बटणाने गाडी सुरू होते. सोय छान आहे, पण तिचीही एक गंमत आहे. आमच्या नात्यातल्या एका जावेने यजमानांना नागपूरच्या विमानतळावर सोडलं. गाडी सुरूच होती, ते उतरले आणि ही चालवत भंडाऱ्याला आली. घरी येऊन गाडी बंद केली. परत सुरू होईना. चावी यजमानांच्या खिशात, दिल्लीला! गाडीने वाटेत इशारा दिला असणार, पण बाई भजन ऐकत होत्या. आम्ही अजून हसतो. पण हीच वेळ रात्री देवरीच्या जंगलात आली असती तर? गाडीतून उतरणाऱ्याने आधी चावी दाखवायची, असा नियम त्यांनी घरात केला आहे.

या चावीचा संदेश घराच्या आतून पकडून, वाढवून बाहेरच्या गाडीपर्यंत नेणारी यंत्रंही चोरांकडे असतात. म्हणून ती चावी दाराजवळच्या खुंटीवर ठेवू नये, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी. डबा चालतो का ते पाहायला चावी डब्यात घालून, डबा हातात घेऊन गाडीजवळ जा आणि दार उघडून बघा. उघडलं तर डबा बदला. माझा पहिला डबा नापास झाला.

रिमोटचा सेल संपला तर घाबरू नका. अशा बऱ्याच चाव्यांच्या पोटात एक लहान लोखंडी चावी असते, ती काढून दार उघडता येतं. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत रिमोट त्या बटणाला टेकवून धरला की गाडी सुरू होते. आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत पाहून घरच्या बायकांनी एकदा स्वतः करून बघावी, पुरुषांवर सोपवू नये. सेल बदलताना मात्र जपा. तो नाण्यासारखा गोल असतो आणि मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

दुसऱ्या चावीचंही बोलू. कॉलेजात ऑडिट शिकलो तेव्हा सरांचा आग्रह असे, की तिजोरीच्या दोन चाव्या कधी एका माणसाकडे ठेवू नयेत. चाळीस वर्षं घर चालवून मी नेमकं उलटं केलं होतं. आता दुसरी चावी कपाटाच्या जुडग्यापासून वेगळी असते आणि ती कुठे आहे हे घरातल्या तिघांना माहीत असतं. आणखी एक. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही चाव्या मागते. एक हरवली असेल तर उत्तर द्यायला कठीण जातं, आणि गाडीला चावी तशीच ठेवून उतरला असाल तर दावा अडतो.

त्या रात्री झोप लागली नाही. दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो, सातव्या दिवशी सातवा. त्यात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. त्यांतली एक, उजेडात पाहूनच खाणं-पिणं. ती मी लहानपणापासून पाळते. सूर्य मावळला की पाणीही नाही. तिच्याच शेजारी आदाननिक्षेपण समिती आहे, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, सांभाळून उचलणं-ठेवणं. मुनिमहाराज पिंछीने जागा झाडून मगच कमंडलू ठेवतात ते आपण पाहतो, हात जोडतो आणि घरी येऊन चावी कुठेही टाकतो. हिंसेची व्याख्याही त्याच अध्यायात आहे आणि तिथे प्रमाद, बेसावधपणा, आधी येतो. मारण्याची इच्छा माझ्या मनात कुठे होती? तरी अकरा मिनिटं मी काचेबाहेर उभी होते.

आता कुठेही गेले तरी आमचा क्रम ठरलेला आहे. चावी माझ्या कंबरेला, चाबीच्या छल्ल्यात. मूल आत बसताना चावी बाहेर, आणि दार लावायच्या आधी हात लावून पाहते की ती आहे. चावी मुलाच्या हातात कधीच नाही, रडला तरी. कुणाचं मूल बंद गाडीत दिसलं आणि एक-दोन मिनिटांत दार उघडलं नाही, तर ११२ ला फोन लावायचा आणि काच फोडायची. पुढची मोठी काच नाही, ती दोन थरांची असते आणि सुटत नाही. बाजूची, मुलापासून लांबची.

नव्या काचेचे पैसे भरताना हे एक शब्द बोलले नाहीत. सून बोलली, चार दिवसांनी, आणि बरोबर बोलली. मी ऐकून घेतलं.

त्या ड्रायव्हरचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. नातवाला घेऊन आम्ही सावलीकडे धावलो, आणि परत आलो तोवर त्याचे प्रवासी बसले होते, गाडी निघाली होती. मागून नंबर तेवढा अर्धा दिसला. एमएच ३६, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा.