आधी ताट पाहावे

गेल्या वर्षी आईची कवळी सैल झाली आणि ताटातील भाज्या तशाच राहू लागल्या. "भूकच नाही रे," एवढेच ती म्हणे. डॉक्टर असूनही मी भुकेचे औषध आणून दिले. एके दिवशी ताटाकडे नीट पाहिले. ढोबळी मिरचीच्या सालींचा चोथा तिने काठाशी काढून ठेवला होता. तिला भूक होती, चावणे जमत नव्हते.

कवळी दुरुस्त होईपर्यंत मी लाल ढोबळी मिरची गॅसवर, साल सगळीकडून काळी पडेपर्यंत भाजू लागलो. मग ती १० मिनिटे पातेल्यात झाकून ठेवायची. वाफेने साल सुटते. साल, देठ, बिया काढून गर कुस्करायचा, त्यात दही, जिरेपूड आणि बेताचे मीठ घालायचे. भाजल्याने काही 'क' जीवनसत्त्व कमी होते. परंतु न खाल्लेल्या भाजीतून काहीच मिळत नाही. भाजताना सैल पदर, शाल आचेपासून दूर असावी.

आईने पहिल्याच दिवशी वाटी पुसून खाल्ली. आपल्या घरातील ज्येष्ठांची भूक मंदावली, तर तपासणी अवश्य करावी. तत्पूर्वी त्यांच्या ताटात काय उरते, तेही पाहावे.