दोन जोड्यांचं घर

दिवेलागणीला आमच्या अंगणातून सूनबाईची हाक येते, "काकाजी, आज कोणाची पाळी?" टिनाच्या शेडखाली विजेवर चालणाऱ्या दोन गाड्या उभ्या असतात. थोरली नेक्सॉन, धाकटी टियागो. चार्जर एकच, म्हणून पाळी. ही हाक आली की दादा आणि मी एकमेकांकडे पाहतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न आम्ही गावच्या कोठ्यापुढे ऐकत होतो. तेव्हा पाळी बैलांची असायची.

आमचं गाव मूल तालुक्यातलं, तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. आमच्या आजोबांकडे, आबाजींकडे, दोन जोड्या होत्या. थोराड पांढरी जोडी बंडीची. धानाचे भारे, जळतणाचं लाकूड, बाजाराची पोती तिच्याकडे. लाल जोडी अंगानं हलकी, पायानं चपळ, ती रेंगीची, म्हणजे माणसं नेणाऱ्या हलक्या गाडीची. माहेरवाशिणीला आणणं, पाहुण्यांना पोचवणं, मंडईच्या जत्रेच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक पाहायला पोरांना नेणं हे रेंगीचं काम. आम्ही चुलत भावंडं तणसावर चादर अंथरून रेंगीत झोपायचो आणि नाटक संपून घर आलं तरी जागे व्हायचो नाही.

दोन जोड्या म्हणजे घराची श्रीमंती, असं लोक म्हणत. आम्हाला दिसायचं ते दोन जोड्यांचं काम. तणस दुप्पट, ढेप दुप्पट, पाणीही दुप्पट. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की दोन्ही जोड्यांना एका वेळी पाणी पुरत नसे. मग दमून आलेली जोडी आधी, घरी राहिलेली नंतर. उन्हातून आलेल्या बैलाला आबाजी लगेच पाणी पाजत नसत. थोडा वेळ निंबाखाली बांधायचे, अंग निवू द्यायचे, मग बादली. "बैल सांगत नाही भूक लागली म्हून. आपनच पाहा लागते," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

आणखी एक नेम होता. दोन्ही जोड्या एकाच दिवशी लांब जायच्या नाहीत. एक जोडी रात्री घरी, पोटभर चारा खाऊन, उठवली की निघेल अशी. या नेमाचा अर्थ आम्हाला काकूच्या बाळंतपणात कळला. मध्यरात्री कळा सुरू झाल्या, गावात मोटार नव्हती. लाल जोडी जुंपली, कंदील बांधला आणि पंधरा किलोमीटर रान कापून रेंगी पहाटे मूलच्या दवाखान्यात पोचली. त्या पहाटे जन्मलेला आमचा चुलतभाऊ आता पन्नाशीला आलाय.

पुढं शिक्षणासाठी आम्ही चंद्रपूरला आलो. बाबा शाळेत मास्तर, काकांना थर्मलमध्ये नोकरी. चंद्रपूरच्या वीज केंद्राचा पहिला २१० मेगावॉटचा संच १९८३ साली सुरू झाला, त्याच्या आगेमागेच. आमच्या गच्चीवरून उत्तरेला चिमण्या दिसायच्या. घरात दोन सायकली आल्या. बाबांची काळी, भक्कम कॅरिअरची. ताईची लेडीज सायकल. ताई कॉलेजातून परतली की त्याच सायकलवर दादा दळण आणायचा, आणि मी मागं डबा धरून बसायचो. बाबांच्या सायकलीचा डायनॅमो चाकाला टेकवला की पाय जड व्हायचे आणि समोर पिवळा उजेड पडायचा. उजेड फुकट येत नाही, तो कोणाच्या तरी पायांतून येतो, हे आम्ही तिथं शिकलो.

मग काकांची लूना आणि बाबांची चेतक. चेतकसाठी नंबर लावून वर्षं काढावी लागली. ती घरी आली त्या दिवशी आईनं पाटावर उभं राहून तिला ओवाळलं. लूनाच्या टाकीत पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं असे. चेतक रुसली की तिला तिरपी करून पुन्हा किक मारायची. काका दुर्गापूरला, थर्मलला, लूनानं जायचे, चेतक बाबांची. पण गडचिरोलीला, म्हणजे ८० किलोमीटरवर, मोठ्या मावशीकडं जायचं झालं की चेतकच निघायची आणि त्या दिवशी बाबा शाळेत लूनानं जायचे. लांबची कोण, जवळची कोण, हे त्या पिढीतही ठरलेलं होतं.

२०२० च्या जानेवारीत चेतक विजेवर चालणारी होऊन बाजारात आली. त्याच महिन्यात विजेची नेक्सॉन आली. २०२४ मध्ये लूनाही विजेची झाली. काका तेव्हा ऐंशीच्या घरात होते. पेपरमधला फोटो त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि म्हणाले, "आमच्या थर्मलच्या लाईनवर आमची लूना चालन, हे नव्हतं वाटलं."

लाईन हा आमच्या पिढीचा शब्द. लाईन गेली, लाईन आली. आमच्या शेजारी राज्याच्या सरकारी वीज कंपनीचं सगळ्यात मोठं औष्णिक वीज केंद्र वाढत गेलं. जुने दोन संच बंद होऊन आणि नवे दोन येऊन आज ते २९२० मेगावॉटचं आहे. १९९९ पासून चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची ५०० केव्हीची वाहिनी मुंबईजवळच्या पडघ्याला वीज नेते. आणि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत गावाकडं आमचा भाऊ रात्री दोन वाजता मोटारपंप सुरू करायला धानाच्या बांधीत जायचा, हातात टॉर्च आणि काठी घेऊन. तेव्हा घरात फळ्यावर वेळापत्रक लिहिलेलं असे. लाईन असेल तेव्हा पाणी भरा, दळण दळा, इन्व्हर्टर चार्ज होऊ द्या. त्या दिवसांचा सल अजून आहे. पण असेल ती वीज वेळ पाहून, वाटून वापरण्याची सवय आम्हाला तिथं लागली, आणि आज तीच कामाला येते.

दादाच्या मुलानं, आमच्या पुतण्यानं, पहिली गाडी घेतली ती नोकरीसाठी. रोज मूलला जाणं-येणं, ९० किलोमीटर. पेट्रोलचा हिशोब त्यानं कागदावर मांडून दाखवला तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. वर्षभरानं सूनबाईला गावातल्या गावात फिरायला दुसरी हवी झाली. तेव्हा मात्र घरात चर्चा झाली. दोन्ही गाड्या विजेच्या, आणि वीजच गेली तर? एक पेट्रोलची ठेवावी, असं माझं मत होतं. सूनबाईनं आठ दिवस वहीत लिहिलं, कोण कुठं गेलं, किती किलोमीटर झाले. वही पाहिली आणि माझं मत बदललं.

हिशोब साधा निघाला. एका युनिटवर गाडी साधारण सात किलोमीटर जाते. थोरलीला रोज तेरा युनिटं लागतात. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन-सव्वातीन युनिटं जातात, म्हणजे चार तास. धाकटी दिवसाला पंचवीस किलोमीटर फिरते. तिची २४ युनिटांची बॅटरी आठवड्यातून दोनदा भरली की पुरते. म्हणजे दोन गाड्यांना दोन चार्जर लागतच नाहीत. बुधवार आणि रविवार धाकटीचे, बाकीच्या रात्री थोरलीच्या. दोघींचं चार्जिंगचं तोंड एकाच मापाचं, त्यामुळं वायर एकच चालते. जसं आबाजींच्या घरचं एक जू अडीअडचणीला दोन्ही जोड्यांच्या मानेवर बसायचं.

सुरुवातीला आम्ही हे पाळलं नव्हतं. मे महिन्यात दोन्ही गाड्या एकदम लावल्या, वर दोन कूलर आणि एक एसी. आधी एमसीबी पडला. दुसऱ्या रात्री शेडमधलं सॉकेट गरम होऊन त्याचं कडेचं प्लॅस्टिक तपकिरी झालं, वास घरभर. घराचा मंजूर भार जुनाच होता, वायर जुनी होती, आणि दोष आमचाच होता. मग मीटरपासून शेडपर्यंत स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, चांगल्या प्रतीचं सॉकेट आणि मंजूर भार वाढवून थ्री फेज. ज्या घरात दोन विजेच्या गाड्या येणार आहेत त्यांना मी कळकळीनं सांगतो, गाडीचा रंग नंतर ठरवा, आधी वायरमनला घर दाखवा.

वीजबिलाचंही तसंच. घरगुती मीटरवर युनिटं १००, ३०० आणि ५०० च्या पुढं जातील तसा दर चढतो. दोन्ही गाड्यांची मिळून महिन्याला सव्वाचारशे युनिटं होतात, घराची वेगळी. म्हणून गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं. केंद्राच्या योजनेत ७८ हजारांचं अनुदान मिळालं. महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटं येतात. पण चंद्रपूरच्या हवेत पॅनेल धुवावे लागतात. दर रविवारी मी पाईप घेऊन गच्चीवर जातो. काचेवर बोट फिरवलं की काळी रेघ उमटते. ही धूळ आमच्या लहानपणी दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांवर पडायची, आई ती झटकून झटकून थकायची. गाडीच्या मागं धूर नाही म्हणून आमचा कोळसा संपला असं मी मानत नाही. रात्री चार्जरमध्ये येणारी वीज बरीचशी त्याच चिमण्यांखालून येते. म्हणून ती जपून वापरायची, आणि जमेल तेवढी उन्हातून घ्यायची.

ऊन मात्र गाडीला सोसत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी मूलहून आलेली थोरली तापलेली असते, एसीनंही बॅटरी खाल्लेली असते. तिला लगेच चार्जिंगला लावत नाही. शेडखाली निवू देतो, रात्री अकरानंतर वायर जोडतो. हे पुतण्याला मोबाईलवर वाचून कळलं. आम्हाला ते निंबाखालून ठाऊक होतं.

मूलचा रस्ता लोहारा, चिचपल्ली, केळझर असा रानातून जातो. तिथं या गाड्यांची एक गोष्ट आम्ही नव्यानं शिकलो. रेंगीच्या बैलांच्या गळ्यात घुंगरमाळ असायची. आबाजी म्हणायचे, ती शोभेसाठी नाही, रानाला कळावं म्हणून आहे. लूनाची फटफट दोन फर्लांगांवरून ऐकू यायची. विजेची गाडी आवाज करत नाही. एका संध्याकाळी केळझरच्या अलीकडं चितळांचा कळप रस्त्यावर उभा होता. आम्ही अगदी जवळ गेलो तरी एकाही मादीनं मान वर केली नाही. पुतण्यानं गाडी थांबवली, दिवे मंद केले. काच खाली घेतली तर गवत तोडण्याचा आवाज ऐकू आला. तेव्हापासून त्या टप्प्यात आमची गाडी चाळीसच्या वर जात नाही. ज्या गाडीला घुंगरू नाही, तिच्या चालकानं दोघांच्या वतीनं सावध राहायचं.

गडचिरोलीला जाऊन-येऊन १६० किलोमीटर. हिवाळ्यात थोरली एका चार्जमध्ये करते, उन्हाळ्यात मावशीच्या घरी जेवणाच्या वेळी प्लगला लावतो. त्यापुढं आलापल्ली, भामरागडकडं जायचं तर आम्ही अजून एसटीवर किंवा भाड्याच्या डिझेल गाडीवर भरवसा ठेवतो. पर्लकोटा नदीला पूर आला की तो रस्ता बंद होतो आणि चार्जिंगची सोय मनाजोगी नाही. तिकडच्या माणसांना ही सोय मिळावी, अशी मनापासून इच्छा आहे; वीज पिकवणाऱ्या जिल्ह्याच्या शेजारी ते राहतात.

आबाजींचा तो नेम आम्ही तसाच ठेवला आहे. रात्री घर झोपताना एक तरी गाडी नागपूर गाठेल इतकी भरलेली हवी. गेल्या डिसेंबरात आईला मध्यरात्री छातीत दुखू लागलं. थोरली ८५ टक्क्यांवर होती. वरोरा, जाम, बुटीबोरी करत १५० किलोमीटर गेलो, एकदाही थांबावं लागलं नाही. दवाखान्याच्या दारात १६ टक्के उरले होते. आई बरी होऊन घरी आली. मागच्या सीटवर दादाच्या मांडीवर तिचं डोकं होतं, आणि ती अर्धवट झोपेत विचारत होती, "रेंगी हाय का गा?" दादा म्हणाला, "हो आई, रेंगीच हाय."

आता उन्हाळा लागलाय. जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं आणि चार्जर लाल दिवा लावून थांबतो, गाडी वीज घेत नाही. शेडच्या कोपऱ्यात मीठ आणि कोळसा घालून पुरलेला अर्थिंगचा खड्डा आहे. त्याला ओल हवी. म्हणून सूनबाई रोज दिवेलागणीला एक बादली पाणी त्या खड्ड्यात ओतते. माती आधी चुरचुरते, मग पाणी पिते. आई खाटेवर बसून पाहत असते. हिरवा दिवा लागला की ती मान हलवते आणि विचारते, "पाजलं का दोघींले?"