डोंबिवलीत घर शोधताना

डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरलं की माणसांच्या लोंढ्याबरोबर आपण आपोआप पुढे ढकलले जातो. रिक्षांची रांग, भाजीवाले, पोळी-भाजी केंद्रांच्या पाट्या आणि मग फडके रोड. दिवाळीच्या पहाटे नटूनथटून तरुण मंडळी जमतात, तो हाच रस्ता. जवळच गणपतीचं मंदिर. गिरगावच्या चाळीत तीस वर्षं काढून आम्ही दोघं इथे आलो, ते भविष्यनिर्वाह निधीची सगळी पुंजी घरात घालण्यासाठी.

एजंट ओळखीतून मिळाले होते. पन्नाशीचे, बोलायला गोड. एकाच दिवसात त्यांनी चार घरं दाखवली. पहिल्याला लिफ्ट नव्हती, दुसऱ्याच्या खिडकीखालून लोकल धडधडत होती, तिसऱ्यात भर दुपारी दिवा लावावा लागत होता. चौथं मात्र पाहताक्षणी मनात भरलं. नवी इमारत, ऐसपैस स्वयंपाकघर आणि भाव आसपासच्या घरांपेक्षा चांगलाच कमी.

"साहेब, आजच टोकन द्या. संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय," एजंट म्हणाले.

मी चेकबुक काढलंही होतं. तेवढ्यात सौ.नं विचारलं, "एवढं स्वस्त कसं हो, भाऊ?"

"वहिनी, बिल्डरला पैशांची निकड आहे. आणि रेराचा नंबर आहे ना!"

रेराचा कायदा २०१६चा. त्यानुसार नव्या प्रकल्पांची घरं विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी करावी लागते. पण नुसत्या नंबरावर विसंबलेल्यांचं काय झालं, ते याच गावानं पाहिलंय. महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवल्याचं प्रकरण इथे २०२२मध्ये उघडकीस आलं. अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयानं २०२४मध्ये दिला. कर्ज काढून घरं घेतलेल्या कुटुंबांच्या तोंडचं पाणी पळालं.

सौ.नं परवानगीच्या कागदाची प्रत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला महापालिकेच्या नगररचना विभागात गेलो. एजंटही बरोबर आले, हे त्यांचं मोठेपण. कारकुनांनी नोंदवही उघडली. कागदावरच्या जावक क्रमांकासमोर भलत्याच कामाची नोंद होती. एजंटचा चेहरा उतरला. "मी कागद पाहिला होता, पण इथे येऊन तपासला नव्हता," ते हळूच म्हणाले. जिना उतरताना माझे पाय कापत होते.

अखेर त्याच एजंटनी आम्हाला एका जुन्या सोसायटीतलं घर मिळवून दिलं. घर लहान आहे. पण भोगवटा प्रमाणपत्र आहे, सोसायटीचा भागदाखला आहे आणि चटईक्षेत्र आम्ही स्वतः टेप धरून मोजलं. दलालीचा आकडा आधी ठरवला, पैसे चेकनं दिले आणि पावती घेतली.

एजंट दार दाखवतो. त्यामागचे कागद मात्र आपणच पाहायचे. फडके रोडवरून भाजी घेऊन येताना सौ. अजून त्या इमारतीकडे पाहते आणि म्हणते, "स्वयंपाकघर मात्र मोठं होतं हो!"