तीन मिनिटांचा जमाखर्च



मागचा लेख चातुर्मासातल्या स्वयंपाकावर होता. आजचा विषय बुद्धिबळाचा आहे, तोही मोबाइलवर तीन-तीन मिनिटांत खेळायच्या बुद्धिबळाचा. लगेच पान बंद करू नका. ज्यांच्या घरात निवृत्त नवरा आहे त्यांना यात ओळखीचं बरंच सापडेल.

आमचे हे मूळचे सांगलीचे. सांगली म्हटलं की आपल्याला हळद आठवते, पण तिथल्या जुन्या माणसाला नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर आठवतात. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे ही नावं आमच्या सासरी घरच्या मुलींसारखी घेतली जायची. यांनी खेळ तिथे शिकला, पण वेग शिकले ते लोकलमध्ये. डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीला जायचे तेव्हा चार जणांचा ग्रुप होता आणि खिशात मावेल असा लोहचुंबकाचा पट. ठाणं यायला फास्ट गाडीने वीस-पंचवीस मिनिटं, त्यात डाव संपलाच पाहिजे. उभ्याने, एका हाताने कडी धरून. बाकीचे लोक पत्ते खेळायचे आणि हे लोक शह द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. देवदयेने वाचा गेली नाही, चालणंही सुधारलं. उजवा हात मात्र मंद झाला. सही वाकडी येऊ लागली, शर्टाची बटणं मला लावावी लागू लागली, आणि बडबड्या माणूस गप्प झाला. बँकेत न्यायला तयार नाहीत, लग्नकार्याला तर नाहीच. लेकाने विरंगुळा म्हणून मोबाइलवर लिचेस टाकून दिलं. ते फुकट असतं, जाहिराती नसतात, जगातलं कोणीही समोर येतं. महिन्याभरात हे तीन मिनिटांच्या डावांत बुडाले. प्रत्येकाला तीन मिनिटं, म्हणजे डाव फार तर सहा मिनिटांचा. मी सामायिकाला बसले की अठ्ठेचाळीस मिनिटं हलत नाही. तेवढ्यात यांचे आठ डाव होतात, आणि त्यातले पाच-सहा हरलेले. मग आवाज चढतो, तोंड लाल होतं, जेवण नको असतं. सूर्यास्ताआधी ताट वाढायचं असतं आणि हे ‘एकच, एकच’ म्हणत बसलेले.

रक्तदाब मोजला तर वर. सून म्हणाली, आई, ॲप काढून टाकू या. लेकालाही तेच वाटत होतं. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण ते काढलं असतं तर दिवसभर छताकडे बघणारा माणूस मला परत मिळाला असता. मी म्हटलं, मला महिनाभर द्या.

मी बी.कॉम. आहे. माझ्या कॉलेजच्या काळात खाडिलकर भगिनींचे फोटो पेपरात यायचे. वसंती, जयश्री, रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली ती वसंतीताईंनी जिंकली होती आणि रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. मला मात्र तेव्हा उंट तिरका चालतो यापलीकडे काही येत नव्हतं. पण धंद्यात तोटा होतोय असं कोणी म्हणालं की आधी वही उघडायची, एवढं शिक्षणाने शिकवलेलं आहे. डाव संपल्यावर प्रत्येक खेळीला किती वेळ गेला ते तिथे दिसतं. मी किराण्याच्या वहीत मागची पानं घेतली आणि यांचे हरलेले पन्नास डाव एकेक करून लिहून काढले. हे शेजारी बसून ‘इथे मी मूर्खपणा केला’ म्हणायचे. मी म्हणायचे, मूर्खपणा हे खातं नसतं, नेमकं सांगा.

पन्नासातले तेवीस डाव वेळ संपून गेले होते. त्यातही चौदा डावांत यांची बाजू वरचढ होती! अकरा डाव बोट घसरून गेले, म्हणजे वजीर ठेवायचा होता एका घरात आणि पडला शेजारच्या. नऊ शेवटच्या टप्प्यात, दोन-चार मोहरे उरल्यावर. उरलेले सात समोरचा खरोखर चांगला खेळला म्हणून. म्हणजे ज्याला हे ‘माझा मेंदू गेला’ म्हणत होते ते खातं सातचंच निघालं. तो आकडा मी लाल पेनाने गोल करून यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ वही हातात धरून बसले होते.

जमेची बाजूही लिहिली. जिंकलेल्या डावांत यांचा घोडा फार चालतो. प्याद्यांची भिंत झाली की तरुण मुलं कंटाळून धसमुसळेपणा करतात आणि हे शांतपणे जागा धरून बसतात, तो सांगलीचा संस्कार. समोरच्याने चूक केली की यांना ती दिसतेच. फक्त पाहायला वेळ उरलेला हवा. आणि तो जायचा कुठे? पहिल्या दहा खेळींत. आयुष्यभर खेळलेली तीच सुरुवात, तरी एकेका प्याद्यावर पाच-सहा सेकंद. मी विचारलं, रोजच्या आमटीला तुम्ही चमच्याने मोजून मीठ घालाल का? तर म्हणाले, अगं, तिथेच तर मजा असते.

एक खातं मात्र मला आधी कळेना. काही डावांत समोरच्याचं घड्याळ मध्येच वाढलेलं दिसायचं. तिथे समोरच्याला पंधरा सेकंद जास्त देण्याचं एक बटण असतं. समोरच्याची वेळ संपत आली आणि तो चांगला खेळत असला की हे ते दाबायचे. ‘घड्याळाने मारलेला राजा मला नको,’ म्हणे. तेवीसातले दोन डाव या दानात गेलेले. मी वहीत ‘धर्मादाय’ असं खातं काढलं.

त्याच सुमारास, २०२५ च्या जुलैमध्ये, जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी होती. आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि समोर कोनेरू हम्पी, जी २०१९ आणि २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती. मोठे दोन डाव बरोबरीत सुटले आणि २८ तारखेला निकाल जलद डावांवर गेला. पंधरा मिनिटं, आणि प्रत्येक खेळीला दहा सेकंद वाढीव. आम्ही दोघं टीव्हीला मोबाइल जोडून बसलो होतो. दुसऱ्या डावात हम्पीची वेळ आटत गेली तशा चुका झाल्या. पण दिव्याचाही हात थरथरला असावा, आलेला फायदा तिने एकदा निसटू दिला आणि परत मिळवला. काळ्या मोहऱ्यांनी जिंकून ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. नंतर तीच म्हणाली की शेवटचा टप्पा अजून शिकायला हवा. यांनी मान हलवली, जसं काही आपल्याच खात्याबद्दल ऐकलं.

मला आवडले ते ते वाढीव दहा सेकंद. ही फिशरची कल्पना, १९९२ च्या स्पास्कीबरोबरच्या सामन्यात तसं घड्याळ वापरलं होतं. मी लेकाला विचारलं, यांच्या खेळात हे नसतं का? असतं की! तीन मिनिटं अधिक दर खेळीला दोन सेकंद, असाही डाव मिळतो. जागतिक ब्लिट्झ स्पर्धा त्याच वेळेवर होते. यांनी ते आजवर निवडलंच नव्हतं, कारण त्यांना ती सवलत वाटायची. आजारपणानंतर सवलत हा शब्द यांना फार लागतो. जगज्जेते ज्या वेळेत खेळतात ती सवलत कशी, एवढं विचारल्यावर मात्र बदल मान्य झाला.

मोहरा बोटाने ओढत नेणं बंद केलं, आधी मोहऱ्यावर आणि मग घरावर टिचकी मारायची असं सेटिंगमध्ये करून घेतलं. मोबाइलऐवजी लेकाचा जुना लॅपटॉप आणि माउस, डाव्या हातात. पहिले पंधरा दिवस डाव्या हाताने जी तारांबळ झाली ती लिहीत नाही. लागोपाठ दोन डाव हरले की त्या दिवशी दुकान बंद, ही अट माझी. संध्याकाळचं ताट वाढलं की डाव संपेपर्यंत मी थांबणार, नवा सुरू झाला तर नाही. आणि सकाळी अर्धा तास हत्ती-प्याद्यांचे शेवट, घड्याळाशिवाय, खऱ्या पटावर. त्यासाठी माळ्यावरचा लोकलवाला पट काढला. चार प्यादी हरवली आहेत, त्या जागी मुगाचे दाणे.

पुढच्या पन्नास हरलेल्या डावांत वेळेने गेलेले नऊ आहेत. बोट घसरण्याचे तीन. शेवटच्या टप्प्याचे उलट वाढले, सोळा झाले, कारण आता डाव तिथपर्यंत पोचतात. रेटिंग शंभर-सव्वाशेने वर आलं. ते मी फारसं धरत नाही, एका वाईट रविवारी तेवढंच खाली जातं. रक्तदाबाची वही वेगळी आहे आणि ती मी डॉक्टरांनाच दाखवते. सून आता अधूनमधून मागे उभी राहून ‘बाबा, घोडा!’ म्हणते, ते यांना आवडत नाही.

धर्मादाय खातं चालूच आहे. ते बंद करा असं मी म्हटलेलं नाही.

आता सोसायटीत गणपतीत ब्लिट्झची स्पर्धा ठेवली आहे, खऱ्या घड्याळावर. ज्या हाताने खेळी केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं असा नियम आहे, म्हणजे डाव्या हातालाच दोन्ही कामं. दोन वर्षांत चार माणसांत न बसलेला माणूस स्वतः खाली जाऊन नाव देऊन आला. शर्टाची वरची दोन बटणं लावून. सध्या रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सराव चालतो, मी समोर बसते आणि मोहरे हलवण्यापुरती खेळते. काल सतराव्या खेळीला मला मात झाली, यांच्या घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद शिल्लक होते.