कुत्र्याची खाज आणि मालकाचा खिसा



आज राजकारणावर लिहीत नाही. विषय काहींना किरकोळ वाटेल, पण ज्यांच्या घरी कुत्रं किंवा मांजर आहे त्यांना तो पहिल्या दोन ओळींत कळेल.

माझ्या आईची बीपी आणि शुगरची महिन्याची औषधं जनऔषधी केंद्रातून साडेसहाशे रुपयांत येतात. आमच्या ब्राउनीच्या खाजेला गेल्या महिन्यात ८,४५० रुपये लागले. ब्राउनी म्हणजे आमची लॅब्रॅडोर. सहा वर्षांची, वजन तीस किलो.

हिशोबच देतो. तपासणी फी ५००. कातडीची खरवड काढून मायक्रोस्कोपखाली बघायचे ७००. औषधी शाम्पू ८५०. कानातलं औषध ४००. गोचीड-पिसवांची तीन महिने चालणारी गोळी २,१००. आणि खाज थांबवणारी गोळी १३० रुपयांना एक, रोज एक, म्हणजे ३,९००. पुढच्या महिन्यात तपासणी आणि गोचिडाची गोळी नसली तरी पाच हजारांच्या खाली काही येत नाही. हे एका महिन्याचं नाही, तिच्या आयुष्यभराचं आहे.

ॲलर्जी म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो. कारण "आंघोळ घालत नसाल" असं म्हणणारे खूप भेटतात. माणसाला धुळीनं शिंका येतात, दमा होतो. कुत्र्यात तेच बहुतेक वेळा कातडीवर निघतं. घरातल्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, परागकण, बुरशी, पिसूची लाळ, कधीकधी खाण्यातली कोंबडी किंवा दूध, यातलं काहीही कारण असू शकतं. पंजे चाटणं, कान खाजवणं, काखेत आणि पोटाला लाल होणं ही त्याची लक्षणं. कुत्रं साधारण सहा महिने ते तीन वर्षांचं असताना हे सुरू होतं. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, शित्झू, जर्मन शेफर्ड या जातींत जास्त. खाजवून कातडी फुटली की त्यात जिवाणू आणि यीस्ट वाढतात. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेनं तर वासच सुटतो. हा आजार मुळापासून बरा होत नाही, ताब्यात ठेवावा लागतो. डायबेटिससारखंच समजा.

आता स्वस्तातला उपाय नाही का? आहे. स्टिरॉइडची गोळी दोन-चार रुपयांत मिळते आणि दोन दिवसांत खाज थांबते. थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली तर ते योग्य औषध आहे, त्याला उगाच बदनाम करू नये. पण महिनोन् महिने चालू ठेवली की कुत्रं सारखं पाणी पितं, घरात लघवी करतं, सुटतं, स्नायू गळतात, जंतुसंसर्ग वाढतो, कधी मधुमेहही होतो. नवीन गोळीला हे त्रास बरेच कमी, पण ती महाग. म्हणजे आपल्याकडे निवड औषधांमध्ये होत नाही, ती खिशात होते.

हे मला आमच्या भागातल्या एका रिक्षावाल्या दादांनी जास्त नीट समजावलं. त्यांच्या मुलीनं हट्टानं पग आणला होता. दोन वर्षांत त्याचे पंजे आणि गळा सोलून निघाला. तीन दवाखाने झाले. प्रत्येक ठिकाणी नवं इंजेक्शन, नवा शाम्पू, पण नक्की झालंय काय आणि हे किती दिवस चालणार, ते कुणी सांगितलं नाही. एका ठिकाणी रक्ताची ॲलर्जी टेस्ट सांगितली, दहा हजारांच्या आसपास. दादा म्हणाले, "साहेब, त्या महिन्यात पोरीची क्लासची फी भरायची होती. मी रात्री त्याला रिक्षात घेऊन महाबळेश्वरच्या रस्त्याला जाऊन आलो. सोडायलाच गेलो होतो. सोडवलं नाही."

त्यांनी त्याला परत आणलं. सगळेच आणत नाहीत. शहराबाहेरच्या ढाब्यांच्या आसपास गळ्यावर पट्ट्याची खूण असलेली, अंगावरचे केस गेलेली जातिवंत कुत्री तुम्हीही पाहिली असतील. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा त्यात गुन्हाच आहे. पण तो कायदा त्या दादांना सांगून काय होणार होतं?

"हौस आहे ना, मग भरा पैसे," असं काहीजण म्हणतील. अर्धं बरोबर आहे. कुत्रं आणताना खर्चाची तयारी हवीच. पण आज कुत्रं फक्त बंगल्यात नाही. मुलं पुण्याला गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्यांकडे आहे, शेतावर राखणीला आहे, चाळीत आहे. आणि या सगळ्यांच्या वाट्याला सरकारी व्यवस्था जवळजवळ नाहीच.

राज्यघटनेच्या राज्यसूचीत १५वी नोंद बघा. पशुधनाचं संरक्षण, प्राण्यांचे रोग आणि पशुवैद्यकीय शिक्षण-व्यवसाय हा राज्याचा विषय आहे. गावोगावचे श्रेणी १ आणि श्रेणी २ चे दवाखाने त्यातूनच उभे राहिले. तिथले डॉक्टर लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्याच्या लसी, कृत्रिम रेतन, अडलेली गाय, यातच बुडालेले असतात. ते काम मोलाचं आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा याच यंत्रणेनं गोठ्यागोठ्यात जाऊन गुरांना मोफत लसी टोचल्या. तोही कातडीवर दिसणारा आजारच होता. मनावर घेतलं तर यंत्रणा काय करू शकते ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. पण कुत्र्याची खाज घेऊन तिथे गेलं की औषधच नसतं आणि बाहेरची चिठ्ठी मिळते.

मोठ्या सोयी आहेत, पण लांब. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. आपल्या जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपली जमेची बाजू. पण साताऱ्याहून खाजवणारं कुत्रं घेऊन साठेक किलोमीटर जाणं आणि येणं रिक्षावाल्या दादांना दर पंधरा दिवसांनी परवडेल का?

खासगी डॉक्टरांना सरसकट लुटारू म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जागेचं भाडं, मशीन, मदतनीस, रात्री-अपरात्रीचे फोन, सगळं त्यांच्याच डोक्यावर. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेवर जीएसटी नाही, पण औषध, शाम्पू, खाणं यांवर आहे. पॅकबंद कुत्र्याच्या खाण्यावर तर १८ टक्के. तक्रार एवढीच आहे की फी आणि तपासण्यांचे दर आधी कळत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी औषध लिहिणारा आणि विकणारा एकच असतो.

म्हणून मागण्या चारच आहेत.

१. तालुक्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस पाळीव प्राण्यांसाठी ठेवा. खरवड तपासायला मायक्रोस्कोप आणि स्लाइड लागते, कोट्यवधींची मशीन नाही. पन्नास टक्के गोंधळ तिथेच मिटेल, कारण खरूज, बुरशी, पिसवा आणि ॲलर्जी वरून सारखीच दिसते.

२. केंद्र सरकारनं मार्च २०२५ मध्ये पशु औषधी योजनेला मंजुरी दिली, जेनेरिक पशुवैद्यकीय औषधांसाठी ७५ कोटी ठेवले. रोख गुरांवर आहे. त्यात कुत्र्या-मांजरांची नेहमीची औषधं घाला. आईला साडेसहाशेत जमतं, तर ब्राउनीला निदान निम्म्यात जमावं.

३. दवाखान्यात दरांचा फलक लावा. सरकारी, खासगी, दोन्हीकडे.

४. पिल्लं विकणाऱ्यांची नोंदणी तपासा. कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम २०१७ चे आहेत. ॲलर्जी वंशातून येते, तरी खाजवणाऱ्या मादीची पिल्लं हजारोंना विकली जातात आणि पुढचा खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

तोपर्यंत आपण काय करू शकतो? आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि आम्हाला उपयोगी पडलेलं लिहितो. गोचीड-पिसवांचं औषध बारा महिने चुकवू नका, सगळ्यात स्वस्त बचाव तोच आहे. फिरून आल्यावर पंजे पाण्यानं धुऊन कोरडे करा. खाण्याचा संशय असेल तर रक्ताची तपासणी फारशी भरवशाची नाही. डॉक्टरांना विचारून निदान आठ आठवडे, पूर्वी कधी न खाल्लेलं एकच साधं खाणं द्या आणि बाकी सगळं बंद, बिस्कीटसुद्धा. रक्ताची ॲलर्जी टेस्ट करण्याआधी विचारा, "याच्या निकालानं उपचार बदलणार आहे का?" ती मुख्यतः ॲलर्जीची लस बनवायची असेल तेव्हा कामाला येते. अर्धवट अँटिबायोटिक देऊ नका, जंतू निर्ढावतात. आणि कृपा करून इंजिनचं काळं ऑइल, फिनेल, तंबाखूचं पाणी अंगाला लावू नका. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं.

रिक्षावाल्या दादांचा पग सध्या बरा आहे. शेवटी मायक्रोस्कोपखाली त्याला ॲलर्जीच्या जोडीला यीस्ट निघालं. ही तपासणी पहिल्याच दवाखान्यात झाली असती तर त्यांचे आठ-नऊ हजार आणि त्या जनावराचं वर्ष वाचलं असतं.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही काहीजण जिल्हा परिषदेत पशुसंवर्धन विभागाला या चार मागण्यांचं निवेदन देणार आहोत. तुमच्याकडे जुनी बिलं असतील तर त्यांच्या झेरॉक्स आणा. नुसत्या तक्रारीपेक्षा पन्नास घरांची बिलं टेबलावर ठेवली तर साहेबांना ती वाचावी लागतील. यायला जमणार नसेल तर महिन्याचा खर्च आणि औषधाचं नाव मला लिहून पाठवा, निवेदनाला जोडतो.