पाच दिवस आणि साठ दिवस

नागपूरच्या नंदनवनात जगनाडे चौकापासून आत वळले की घरे एकमेकांना खेटूनच उभी आहेत. एकाच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की दुसऱ्याला ठसका लागतो, आणि तरीही एखाद्या घरात बाईवर हात उचलला गेला की ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून आपण खिडकी लावून घेतो. अशाच एका घरातली विवाहिता एका रात्री आमच्या दाराशी आली. पाठीशी दहा वर्षांचा मुलगा, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत रेशनकार्ड, मुलाच्या जन्माचा दाखला व कोणी विवाहाचा पुरावा मागितलाच तर म्हणून जपलेली लग्नपत्रिका. ‘काकू, आजची रात्र राहू द्या, सकाळी जातो,’ एवढेच ती म्हणाली. सकाळी कुठे, हे तिलाही ठाऊक नव्हते, कारण माहेरच्यांनी समजूत घालून तिला पूर्वीच परत पाठवले होते.

निराधार स्त्रीला आसरा देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन स्थापिले, आणि १९२१ मध्ये, स्वतः बालवैधव्य सोसलेल्या कमलाताई होस्पेट यांनी आमच्या नागपुरात मातृसेवा संघाचा पाया घातला. परंतु त्या काळी आश्रयास येणारी स्त्री बहुधा विधवा असे. तिचे घर दैवाने हिरावलेले असे. सधवेचे दुःख निराळे. तिचे घर उभे असते, त्यात तिच्या हातची भांडी असतात, भिंतीवर मुलाची उंची मोजल्याच्या खुणा असतात, आणि तेथूनच तिला जीव घेऊन पळावे लागते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये अशा स्त्रीने मागणी करताच आश्रयगृहाने तिला ठेवून घ्यावयाचे असते, आणि घटनेचा अहवाल आधी नोंदविला नाही या सबबीवर तिला नाकारता येत नाही. तिच्या अर्जाचा निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न दंडाधिकाऱ्याने करावा, असेही कायदा सांगतो. हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या सरकारी ‘सखी’ केंद्रातला तात्पुरता मुक्काम मात्र मूळ सूचनांप्रमाणे फार तर पाच दिवसांचा. त्या सूचनांनुसार सोबत मुलगी कोणत्याही वयाची चाले, मुलगा आठ वर्षांपर्यंतचाच. मधल्या पंचावन्न दिवसांत बाईने राहावे कुठे? दीर्घ मुक्कामाची गृहे आहेत, पूर्वीच्या स्वाधार योजनेत तर वर्षभर राहता येई. पण पोराला निराळ्या बालगृहात पाठवा म्हटले की आईचे पाय पुन्हा त्याच उंबरठ्याकडे वळतात, आणि मग ‘तिलाच नांदायचे आहे’ असे म्हणायला नातलग मोकळे होतात.

आश्रयगृहे वाढावीत, मोठी मुले आईजवळ राहावीत, हे मला मनापासून हवे आहे. पण याच कायद्याच्या कलम १९ अन्वये मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा हुकूम देता येतो, आणि घर नवऱ्याच्या नव्हे तर सासऱ्याच्या नावावर आहे, एवढ्यावरून तिचा वास्तव्याचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आहुजा खटल्यात निःसंदिग्ध केले. तेव्हा पहिल्याच अर्जात वकिलाने हा हुकूम मागावा, संरक्षण अधिकाऱ्याने तो बजावून घ्यावा, आणि तो येईपर्यंत तिच्यावर समेटाची घाई कोणीही लादू नये.